अकराची मालिका

"आवाज कमी करू नका बाई. लेकराला घरातल्या आवाजाची सवय पायजे. न्हाई तं मंग वाटी पडली तरी दचकून उठतंय."

हे मावशी रोज सकाळी अकराच्या सुमारास माझ्या आईला ऐकवायच्या. आई टीव्हीचा आवाज कमी करायची आणि मावशी तेलकट हाताने रिमोट उचलून तो पुन्हा वाढवायच्या. माझा मुलगा तेव्हा जेमतेम आठवड्याचा होता. त्याला आवाजाची सवय लागली की नाही देव जाणे, पण रिमोटला तेलाची सवय लागली. त्याची बटणं आजही बोटाखालून सटकतात.

अशी एक मावशी तुमच्याही गल्लीत असेल, नीट आठवून बघा. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी, सगळ्यांच्या घरात मधल्या खोलीपर्यंत थेट येणारी आणि चहा न मागता मिळवणारी. अंबडला आमच्या गल्लीतली अलीकडची बहुतेक पोरं आमच्या मावशींच्या पायांवर न्हाली. त्यांच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. नवरा गेल्यावर दिरांनी मेंढरं विकली आणि मावशी एका मुलीला घेऊन अंबडला आल्या. पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली. न्हाऊ घालणं त्यांना कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणायच्या, "कोकरं सांभाळली की पोरी. कोकराला अन् लेकराला मान बराबर धरावी लागती, बाकी काय न्हाई."

मी पहिल्या बाळंतपणासाठी जालन्याहून माहेरी आले होते. आमच्या आईचे बाळंतिणीसाठीचे कायदे फार कडक. कानाला रुमाल, गार पाणी बंद, आणि सव्वा महिना टीव्ही आणि मोबाईलकडे बघायचं नाही. का, तर ओल्या बाळंतिणीचे डोळे नाजूक असतात, एकदा गेले की गेले. मोबाईल तिने पहिल्याच दिवशी कपाटात ठेवला. टीव्ही पुढच्या खोलीत होता, माझी बाज मधल्या खोलीत, आणि दोन्हींच्या मध्ये दारावर जाड पडदा. मी बँकेत नोकरी करते, चारचौघांत ठामपणे बोलते, पण त्या पडद्यापुढे माझं काही चाललं नाही.

मग माझा टीव्ही मावशीच झाल्या. आधी त्या मला न्हाऊ घालायच्या, शेक द्यायच्या, आणि अकराला पुढच्या खोलीत भिंतीला टेकून पाय लांब करून बसायच्या. पायांवर माझं पोर, शेजारी तेलाची वाटी, समोर आदल्या रात्रीच्या मालिकेचा पुन्हा दाखवला जाणारा भाग. तिथून त्या पडद्याकडे तोंड करून मला गोष्ट सांगायच्या.

"आली बघ ती निळ्या साडीची."

"कोण निळ्या साडीची?"

"अगं तीच, जिला कुणाचं चांगलं बघवत न्हाई ती. आता दाराआडून ऐकून राह्यली. मेलीला घरात दुसरं काम न्हाई का?"

मालिकेतल्या कुणाचंही नाव त्यांना सांगता यायचं नाही. एक मोठं कुंकू, एक चष्म्याचा, एक रडका. मी डोळे मिटून पडल्या पडल्या या माणसांचे चेहरे मनात तयार केले होते. पुढे प्रत्यक्षात पाहिली तेव्हा ती सगळी मला फारच साधी वाटली.

पडद्याच्या फटीतून मला टीव्ही दिसायचा नाही, मावशी आणि पोर तेवढी दिसायची. मालीश मालिकेच्या तालावर चालायची. गोष्ट सुरू असताना पोर उताणं, जाहिरात लागली की पालथं. एखाद्या भारी प्रसंगाला मावशींचे हात थबकायचे आणि माझं पोर एक पाय हवेत धरलेल्या अवस्थेत छताकडे बघत पडायचं. आई ओरडायची, "मावशी, लक्ष कुठंय तुमचं?"

"माझ्या हाताला डोळे हायत बाई. तुम्ही जा, पाणी बघा."

आईला वाटायचं, बाईला मालिकेचं वेड आहे. मलाही आधी तसंच वाटलं. खरं कारण त्यांनी एकदा सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांची लेक शहागडच्या पलीकडे एका खेड्यात दिली होती. लेकीजवळ फोन होता, पण सासू कायम शेजारी बसलेली. त्यामुळे "बरी हाय ना?" आणि "बरी हाय" यापलीकडे मायलेकींचं बोलणं जायचं नाही. लग्नाआधी मात्र दोघी शेजारणीच्या घरी जाऊन हीच मालिका रोज बघायच्या. सासरी टीव्ही होता, आणि सकाळची कामं आवरून लेक अकराला तिथे बसायची.

"आता ती बी बघून राह्यली असंल," मावशी म्हणाल्या. "ही निळी आली की तिचं तोंड कसं व्हतं, मला हितून दिसतं."

त्यानंतर आईने आवाज कमी केला की मीच आतून ओरडायला लागले.

लेकीला दिवस गेलेले होते. मालिकेतल्या सुनेलाही. मावशी दोघींचा हिशेब शेजारी शेजारी ठेवायच्या. "हिला दिवस गेले तव्हा माझ्या लेकीचं लगीन बी ठरलं नव्हतं. आता माझीचे भरत आले, अन् ही अजून पोटावर हात ठेवून जिने चढून राह्यली. कोणता डाक्टर हाय हिचा?" मी हसत सुटायचे आणि टाके दुखायचे. आई आतून म्हणायची, बाळंतिणीला हसवू नका.

पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, आणि लेकीला सासरचे पाठवत नव्हते. मावशी नारळ, हिरवं लुगडं आणि बांगड्या घेऊन तिला आणायला गेल्या होत्या. तिथे त्यांना चहा मिळाला, जेवण मिळालं, लेक मात्र मिळाली नाही. एका खोलीत कुठे ठेवता, आमच्या इथे दवाखाना जवळ आहे, बघू पुढच्या महिन्यात, असं सासू म्हणाली. हे सगळं मावशी आम्हाला सासूची नक्कल करून सांगत होत्या. सासू पानाला चुना लावता लावता कशी बोलते ते दाखवलं, आम्ही हसलो, आणि मग त्यांनी तोंड फिरवून माझ्या पोराच्या पाठीला जरा जास्तच जोरात तेल चोळलं. पोर रडायला लागलं. "न्हाई न्हाई माझ्या कोकरा," म्हणत त्यांनी त्याला उचलून छातीशी धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

तरी त्यांची तयारी थांबली नाही. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक आणून ठेवला. आमच्या आईकडून जुनी बाज मागून नेली. एक दिवस तर बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानातून जुना डबा टीव्ही उचलून आणला आणि खोलीत बसवला. आईने कपाळाला हात लावला. "मावशी, बाळंतिणीनं टीव्ही बघायचा नसतो, हे मी सांगायचं का तुम्हाला?"

"बघायचा न्हाईच बिलकुल. तोंडावर पदर टाकून देईन तिच्या. पण कानावर तं पडंल. मी सांगंल तिला, जसं हिला सांगते तसं." आणि मग, पोराचं नाक दोन बोटांनी वर ओढत, "तुझं झालं की माझ्या नातवाचं नाक काढायचं हाय. त्याच्या आज्याचं बसकं होतं."

हे ऐकताना मला वाटायचं, त्या माझ्या पोरावर सराव करून घेतायत. याचा मला रागही आला नाही. माझ्या पोराला तेव्हा जे मिळालं त्यातलं निम्मं प्रेम त्या दुसऱ्या, न आलेल्या लेकराचं होतं.

मग एका सकाळी मावशी आल्या नाहीत. पाणी तापलेलं होतं, आईने सवयीने टीव्हीही लावून ठेवला होता. दुपारी कळलं की त्यांना शहागडहून फोन आला आणि त्या मिळेल त्या गाडीने गेल्या. मला आनंद झाला. लेकीची वेळ आली तर! मी आईला सारखी विचारत राहिले, मुलगा झाला की मुलगी? आई म्हणायची, कळलं नाही अजून. हे म्हणताना ती डाळ निवडत असायची, भाजी चिरत असायची, माझ्याकडे एकदाही बघायची नाही. बाळंतिणीला वाईट सांगू नये, दूध आटतं, हा तिचा आणखी एक कायदा होता.

शेवटी तिनेच सांगितलं. मुलगी होती. पोटातच गेली होती. लेकीने पोटातली हालचाल थांबल्याचं सासूला सांगितलं होतं, तेव्हा सासू म्हणाली होती की दिवस भरले की लेकरू शांत होतं.

मी पोराला कुशीत घेऊन खूप रडले. आईने मला अडवलं नाही. ती फक्त दार लावून बाहेर बसली.

आणि आता ऐका. जी माणसं लेकीला महिनोन् महिने पाठवत नव्हती, त्यांनी तिला दवाखान्यातूनच माहेरी पाठवलं. नारळाविना, बांगड्यांविना. मला तेव्हा आला तसा राग पुन्हा फारसा कुणाचा आलेला नाही.

मावशींनी आमच्याकडे निरोप धाडला की दुसरी बाई बघा. लेकरू गेलेल्या घरातून उठून दुसऱ्या कुणाच्या लेकराला हात लावायला त्या तयार नव्हत्या. आईने उलटा निरोप पाठवला की आम्ही असलं काही मानत नाही. आई असं म्हणेल यावर माझा विश्वास बसला नसता, इतकी ती कायद्याची बाई. पण मावशी आल्या नाहीत. पलीकडच्या गल्लीतली एक तरुण बाई यायला लागली. हात चांगला होता तिचा. ती टीव्ही बंद करून काम करायची आणि घर एकदम ओकंबोकं वाटायचं.

सव्वा महिना झाल्यावर बाळाला देवीला नेऊन आणलं आणि दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे गेले. पोराला आईजवळ ठेवलं. त्या दिवशी मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. त्यानंतर मी जालन्याला परतले. लेक पुढे सासरी गेली, आणि मावशी खोली सोडून अंतरवालीकडे भावाच्या शेतावर कापूस वेचायला गेल्या, असं आईने फोनवर सांगितलं. न्हाऊ घालायचं काम त्यांनी पुन्हा केलं नाही.

मी गेले तेव्हा अकरा वाजून गेले होते. खोलीत धुरीचा वास होता. आमच्याच बाजेवर लेक बसली होती, माझ्यासारखाच कानाला रुमाल, पोट घट्ट बांधलेलं. उशाशी डिंकाचे लाडू. मावशी खाली बसून तिच्या पायांना तेल चोळत होत्या. बाळंतिणीचं सगळं रीतसर चालू होतं. दुपटी मात्र कुठे दिसली नाहीत. त्यांनी कुठे ठेवली होती कोण जाणे.

समोर तो डबा टीव्ही चालू होता आणि लेक त्याच्याकडे बघत होती. पदर टाकलेला नव्हता. माझी नजर टीव्हीवरून तिच्याकडे गेली, ती मावशींनी पाहिली.

"बघू दे पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "समोर लेकरू असतं तं त्याच्याकडं बघितलं असतं. आता कुठं बघंल ती?"

मी बाजेच्या कडेला बसले.

मालिकेतली सून एकदाची बाळंत झाली होती आणि नेमकं त्या दिवशी बारसं होतं. फुलांचा पाळणा, दिव्यांच्या माळा, ती निळ्या साडीचीसुद्धा तोंडभर हसत होती. मावशींना ते कळलं तशा त्या जल्दी जल्दी उठल्या आणि रिमोट शोधायला लागल्या. तेलाचा हात, काही केल्या बटण दबेना.

"राहू दे आई," लेक म्हणाली. "नाव काय ठेवतेत ते बघू दे."

मावशी खाली बसल्या. आम्ही तिघींनी ते बारसं पूर्ण पाहिलं. आत्याने कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जाहिरात लागली.

"तुमच्या बाळाचं काय ठेवलं?" लेकीने मला विचारलं.

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज चोरट्यासारखा झाला.

तिने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "चांगलं हाय," म्हणाली आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.

मी निघाले तशा मावशी दारापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर मनगट टेकवलं, तेल लागू नये म्हणून.

"आमचं बी ठरलं होतं पोरी, एक नाव," त्या म्हणाल्या. "पोरगी झाली तं हेच, म्हणली होती ती."

मी थांबले. त्यांचे ओठ हलले, पण नाव काही बाहेर आलं नाही. मग त्यांनी मानेनेच मला जा म्हणून सांगितलं आणि आत जाऊन लेकीचा दुसरा पाय मांडीवर घेतला.