व्याह्यांसाठी थंडी

डिसेंबर लागला की आमच्या शेजारच्या गृहस्थांच्या गळ्यात मफलर येतो. यंदा जानेवारीतही घरोघरी पंखे फिरत होते, तरी हे सकाळी गेटपाशी घाम पुसत सांगायचे, "रात्री काय गारठा पडला होता." मुलीच्या लग्नात त्यांनी मुंबईच्या व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, "आमच्या नाशकात हिवाळ्यात या, दात वाजतील." आता ते खरंच येणार होते, स्वेटर घेऊन.

आदल्या दिवशी गृहस्थ माझ्या दारात. "वहिनी, उद्याचा चहा तुमच्याकडे ठेवू या का? तुमच्याकडे एसी आहे."

"एसी लावून थंडी दाखवणार?"

"थोडा हातभार लावायचा. शब्द दिलाय हो मी."

मी पडदे ओढून एसी सोळावर ठेवला. व्याही बायकोसह आत येताच थबकले. "वा, गार आहे की."

"नाशिक आहे," असं म्हणून गृहस्थ नेमके एसीखाली बसले आणि सटासट शिंकायला लागले. मफलरने नाक पुसत, पण विजयी चेहऱ्याने म्हणाले, "बघितलंत? आम्हालासुद्धा सोसत नाही."

व्याह्यांनी वर एसीच्या हिरव्या दिव्याकडे एकदा पाहिलं. मग स्वेटर अंगात चढवत ते बायकोला म्हणाले, "तूही शाल घे गं."