दुसऱ्या टेबलाची लादी

स्वयंपाकघराचा ओटा बदलतोय. मिस्त्रीनं दगड कापायला घेतला आणि ओल्या दगडाच्या भुकटीचा वास घरभर पसरला. त्या वासानं मला थेट चिकलठाण्याच्या शेडमध्ये नेलं.

तिथं बिलियर्डच्या टेबलाच्या, कापडाखाली बसणाऱ्या दगडी लाद्या बनायच्या. एका टेबलाच्या तीन लाद्या शेजारी शेजारी ठेवून एकत्रच घासायच्या, हा नियम. तपासणी माझ्याकडे होती. एकदा ऐन माल पाठवायच्या दिवशी एक लादी तडकली. शेठनी तिच्या जागी दुसऱ्या टेबलाची लादी बसवली. मी जोडावर पोलादी पट्टी उभी धरली आणि मागून बॅटरी लावली. पट्टीखालून उजेड आला, म्हणजे लाद्या एका पातळीत नव्हत्या.

"मॅडम, ट्रक उभाय. वरून कापड बसणार, कुणाला दिसतंय?"

"चेंडूला दिसतं, शेठ."

"लई शहाण्या झाल्या! सही करा, नाय तर उद्यापासून येऊ नका."

मी लादीवर खडूनं मोठी फुली मारली आणि डबा उचलून निघाले. बसमध्ये रडू आलं. वाटलं, हट्टापायी चांगली नोकरी घालवली.

आज तसं वाटत नाही. फुली त्यांनी नंतर पुसलीही असेल. पण ती लादी माझ्या सहीनं गेली नाही, आणि आजही मी तशी सही करणार नाही.