जपून ठेवलेली गाडी

भंगारवाला उद्या येणार म्हणून आज सकाळी गाडीवरचं प्लास्टिकचं कव्हर ओढून काढलं, आणि आतून असा वास आला की मी दोन पावलं मागे सरले. कुबट, ओलसर, पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेल्या गोणपाटाचा असतो तसा. सीटवर पांढरी बुरशी धरली होती. दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं तर पत्र्याचे पापुद्रे हातात आले. मी शेडमध्ये उभी राहून स्वतःलाच मोठ्यानं शिवी हासडली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून वाकून पाहिलं. पाहू देत. आयुष्यभर शाळेत शिकवताना मुलांदेखत एक वावगा शब्द तोंडातून जाऊ दिला नाही. आता निवृत्तीनंतर एवढी सवलत मला असायला हरकत नाही.

ही आमच्या ह्यांची गाडी. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. हे तारापूरला वीज केंद्रात लागले, मी मागोमाग आले, आणि वसाहतीतल्या क्वार्टरपासून बोईसरच्या या तळमजल्यावरच्या फ्लॅटपर्यंत आमचं सगळं आयुष्य इथंच गेलं. निवृत्तीच्या सुमारास ह्यांनी हौसेनं ही पांढरी गाडी घेतली. वापर जवळजवळ नाहीच. हे कुठंही पायी जायचे आणि मला रिक्षा पुरायची. फक्त शनिवारी जेवण झालं की हे गाडीवर टाकलेली जुनी सुती चादर काढायचे, "गाडी गरम करून येतो" म्हणायचे आणि संध्याकाळच्या चहाला परत यायचे. येताना पिशवीत कधी वालाच्या शेंगा, कधी कोवळ्या काकड्या, पावसाळ्याच्या तोंडाला शेवळांची रानभाजी. पालघरच्या बाजारातून आणत असतील, असं मी धरून चालले होते. कधी विचारलं नाही. शनिवारची दुपार म्हणजे माझी वह्या तपासायची वेळ, आणि पुढे वह्या संपल्या तेव्हा झोपायची.

ह्यांची नजर अधू झाली तेव्हा गाडी चालवायला एक माणूस येऊ लागला. पालघरपलीकडच्या मासवणचा. गावाकडं पावसाच्या भरवशावरचा जमिनीचा तुकडा, भात निघालं की इथल्या एका गॅरेजात काम. तो चालवायचा, हे शेजारी बसायचे. त्याच्या एकेक तऱ्हा मला अजब वाटायच्या. हँडब्रेक कधी ओढायचा नाही. चाकामागं एक वीट लावून ठेवायचा. मला तो निव्वळ आळशीपणा वाटे. एकदा मी म्हटलं, रोज दोन मिनिटं नुसती चालू करून ठेवत जाऊ का? तो म्हणाला, "नको बाई. नुसती चालू करून बंद करायची म्हंजे घास तोंडाशी नेऊन ताट काडून घेतल्यासारकं. चालवायची तर चांगली तासभर चालवा, नायतर हात पन लावू नका."

हे गेल्यावर त्यांचे शर्ट देऊन टाकले, घड्याळ मुलानं नेलं. मला फक्त एकच हवं होतं: त्यांची गाडी चालती राहावी. बाकी काही नको. तो माणूस शनिवारी येत राहिला, चावी घेऊन जात राहिला, संध्याकाळी चावीबरोबर भाजीची पिशवी ठेवून जात राहिला. वर्षभर हे सुरळीत चाललं. मग दिवाळीला मुलगा पुण्याहून आला आणि मीटरवरचा आकडा पाहून म्हणाला, "आई, गाडी तर उभीच असते ना? मग इतकी कशी पळाली?" त्याच आठवड्यात शेजारचे म्हणाले की, तुमची गाडी मासवणच्या रस्त्याला दिसली, आत बायका कोंबलेल्या, डिकीतून टोपल्या बाहेर आलेल्या. माझं डोकंच फिरलं.

शनिवारी तो आला तेव्हा मी दारातच उभी होते. "ही माझ्या नवऱ्याची गाडी आहे. तुझ्या गावची माणसं भरून न्यायची वडाप नाही. विश्वासानं चावी दिली, आणि तू चोरून धंदा करतोस?" जिन्यातून शेजारी ऐकत होते, आणि ते ऐकतायत हे मला ठाऊक होतं. तो म्हणाला, "सायबांनीच सांगितलेलं हाय, बाई." मेलेल्या माणसाचं नाव पुढं करतोय, या विचारानं मी जास्तच भडकले. त्यानं चावी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला.

त्यानंतर मी जे केलं ते आठवलं की आजही माझ्या हातांचा राग येतो. मुलानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता: दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करा, गाडी उत्तम राहील. मी दर रविवारी, एकही न चुकवता, पाच मिनिटं इंजिन चालू केलं. चादर फेकून जाड प्लास्टिकचं कव्हर मागवलं आणि त्याच्या दोऱ्या खाली आवळून बांधल्या. घिवलीच्या समुद्राकडून खारा वारा येतो, कारखान्यांचा धूर येतो, त्यापासून गाडी वाचवायला हवी ना! वीट उचलून कुंडीखाली सरकवली आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. दसऱ्याला झेंडूचा हार घातला, उदबत्ती ओवाळली. गाडीचा नुसता देव्हारा करून ठेवला मी.

तो फाटकाशी आला होता. एकदा नाही, लागोपाठ तीन शनिवार. वॉचमन येऊन म्हणाला, "मॅडम, वो बोल रहा है, प्लास्टिक निकालो, गाडी को हवा लगने दो." मी म्हटलं, "उसको बोलो, अपना काम देखो." चौथ्या शनिवारी तो आला नाही, आणि मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. बरं वाटलं.

यंदा श्रावणातल्या एका रविवारी चावी फिरवली. नुसतं 'टक' झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक. गॅरेजचे मालक आले, बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिले. पाच-पाच मिनिटांत बॅटरी कधी भरलीच नव्हती, उलट दर रविवारी थोडी थोडी रिकामी झाली. ओढून ठेवलेल्या हँडब्रेकनं चाकांचे ब्रेक आतल्या आत धरून बसलेले. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. प्लास्टिकच्या आत कोंडलेल्या दमटपणानं खालचा पत्रा खाल्लेला. "वापरून खराब झालेली नाही ही, बाई. उभ्या उभ्या गेली," ते म्हणाले. मी विचारलं, तुमच्याकडचा तो मासवणचा माणूस काही करू शकेल का? मालक घुटमळले. "तो आता माझ्याकडं नाही. तुमच्याकडचा प्रकार झाल्यावर लोक त्याच्या हातात चावी द्यायला कचरायला लागले. त्यानंच काम सोडलं."

पुढचे चार महिने मी कव्हर तसंच पुन्हा घालून ठेवलं. धीर नव्हता. शेवटी गेल्या शनिवारी उठले, पालघरला जाऊन मनोरकडची बस धरली आणि मासवणला उतरले. तो वाडीत वालाच्या शेंगा तोडत होता. मी म्हटलं, एकदा येऊन बघ. बघ काही होतंय का. त्यानं कमरेची टोपली खाली ठेवली आणि एखादा डॉक्टर विचारतो तसं विचारलं, "हँडब्रेक वडला व्हता?"

"हो."

"पलास्टिक?"

"तेच होतं."

"दर आयतवारी चालू केली?"

"पाच मिनिटं."

"मंग मी येऊन काय करू, बाई?"

मी माफी मागितली. शाळेत मुलांना सहज मागायला लावायची तशी नाही. शब्द चाचपडत. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "सायब दर शनवारी पालगरच्या बाजारातून इथल्याच बायांना घरी सोडायचे. बसची वाट बगत उनात बसायच्या त्या. सायब बोलले, गाडी पळवायचीच हाय, तर रिकामी कशाला पळवायची? मी नवीन काय केलं?" टोपली बाजूला सरकवत म्हणाला, "तुमी मना चोर बोल्लात. मना राग हाय. खोटं कशाला बोलू?" माफ केलं असं तो म्हणाला नाही. रस्त्यापर्यंत मात्र आला, हात करून बस थांबवली आणि मी चढेपर्यंत थांबला.

माझ्या शेजारी एक बाई मांडीवर भाजीचं गाठोडं घेऊन बसली होती. गर्दीवर करवादत होती. म्हणाली, "बाजारला जायला तरी बस भेटते. येताना बगा, दोन-दोन तास हाय तितंच. आदी शनवारी एक पांडरी गाडी व्हती. सायब गेले, तरी त्यांचा मानूस यायचा. मंग त्यांची बायको लय खडूस निगाली. तिनं बंद केली गाडी."

"मीच ती," मी म्हटलं.

तिनं मान वळवून मला नीट पाहिलं. चिडेल, शरमेल, जागा बदलेल असं मला वाटलं. तिनं गाठोडं जरा आपल्याकडं ओढून मला ऐसपैस बसायला जागा केली आणि म्हणाली, "मंग आता तरी चालू करा."

मी खिडकीकडं तोंड वळवलं. खिडकीबाहेर झाडांमधून सूर्या नदी दिसत होती. हे दर शनिवारी या रस्त्यानं यायचे. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी एकदाही शेजारी बसून आले नव्हते. त्यांचं जे चालतं ठेवायला हवं होतं ते या रस्त्यावर होतं, आणि मी घरी बसून पत्रा जपत राहिले.