ट्रेबलला बाबा धार म्हणायचे

आमच्या घरात लाउडस्पीकरची भाषा बाबांनी तयार केली होती. ॲम्प्लिफायरला ते नुसतं 'मशीन' म्हणायचे आणि हॉर्नला भोंगा. बेस, म्हणजे आवाजाचा जाड भाग, त्याचं नाव 'वजन'. ट्रेबल, म्हणजे बारीक, वरचा भाग, त्याला 'धार'. "वजन कमी कर, धार थोडी दे," असं म्हणत ते बटणं फिरवायचे. त्यांची सगळी नोकरी एका वर्कशॉपात पत्रे ठोकण्यात गेली. वस्तीतल्या बुद्धविहाराचं मशीन भिलाईच्या पॉवर हाउस भागातल्या बाजारातून त्यांनीच निवडून आणलं होतं, आणि दर पौर्णिमेला पांढरा शर्ट घालून तेच त्याच्याजवळ बसत. भिलाईत बाकी कुठे त्यांना कोणी विचारत नव्हतं. ती एक खुर्ची मात्र त्यांची होती.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि त्यांना सुधारायला लागले. वॉट म्हणजे आवाज नाही, बाबा, वॉट म्हणजे ताकद. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. भोंग्याचे ओहम मशीनशी जुळले नाहीत तर मशीन जळतं. ते नीट ऐकून घेत आणि "हो का?" म्हणत. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशी मी होते.

पुढे पुढे त्यांची धार वाढत गेली. वंदना सुरू झाली की आवाज कानात घुसायचा. शेजारची मावशी एकदा म्हणाली, "दादा, आमी काय कान टोचून घ्याले येतो का इथं?" बाबा हसले, बटण मागे घेतलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा पुढे सरकवलं. हा हट्ट आहे असं मला वाटायचं, आणि हट्टी माणसाचा मला मुळातच राग येतो.

बुद्धपौर्णिमेला विहार भरला होता. मी सूत्रसंचालनाला माइकसमोर उभी होते. बाबांनी ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि शिट्टी सुटली. याला फीडबॅक म्हणतात. भोंग्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा भोंग्यात जातो, आणि किंचाळत वाढतच राहतो. लोकांनी कानांवर हात ठेवले, लेकरं रडायला लागली. बाबा बटणावर बोट ठेवून शांत उभे होते. माझं डोकं फिरलं. बटण मी मागे ओढलं आणि ओरडले, "बाबा, तुमाले काही समजत नाही तर मशीनले हात कावून लावता?"

माइक सुरूच होता. माझं वाक्य दोन्ही भोंग्यांतून वस्तीभर गेलं. लोक हसले. बाबाही हसले. त्या हसण्याचाच मला जास्त राग आला. मी माफी मागितली नाही.

काही महिन्यांनी मी दुकानात जाताना त्यांना सांगून गेले की तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. परत आले तर घरभर जळकट वास, आणि बाबा कुकरसमोर स्टुलावर बसलेले, एक बोट मोजायला तयार धरून. "एकबी शिट्टी झाली नाही," ते म्हणाले. मी गॅस बंद केला.

जवळच्या दुर्ग शहरात त्यांचे कान तपासले. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. बाबांची रेघ अर्ध्यापर्यंत बरी चालली होती, पुढे एकदम कोसळली होती. शिट्टी तिकडची, आणि स, श, फ ही अक्षरंसुद्धा तिकडचीच. त्यांना बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत, असं बाई म्हणाल्या. फ्रिक्वेन्सी म्हणजे काय हे मी परीक्षेत दोन पानं लिहिलं होतं. घरातला माणूस मला वाचता आला नव्हता.

बाहेर बाबा बाकावर बसले. मग म्हणाले, "मले त्रिसरणात 'बुद्धं सरणं'मधला 'स' ऐकू येत नव्हता. वाटलं, मशीन जुनी झाली. म्हणून धार देऊन राहिलो होतो."

मी त्यांचा हात धरला.

"त्या पौर्णिमेले तू माइकवर काय म्हणाली होती?" त्यांनी विचारलं. "मले समजलंच नाही. लोक हसले, म्हणून मीबी हसलो."

'काही नाही' म्हणून सुटता आलं असतं. पण अख्ख्या वस्तीने ऐकलेलं वाक्य एकट्या त्यांच्यापासूनच लपवायचं, हे मला जमेना. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, माझे ओठ दिसतील अशी. ते वाक्य हळू, शब्द सुटे करून, पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना ते फार लांब वाटलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मान हलवली.

"बरोबर होतं तुझं, बेटा," ते म्हणाले. "पण घरी सांगाचं होतं."