भुऱ्याची बेडरेस्ट

आजाऱ्यापेक्षा त्याला बघायला येणाऱ्यांचेच किस्से जास्त साठतात. आमच्या लालबागच्या चाळीत तर पेशंट कुत्रा असला तरी चालतो!

भुऱ्याच्या, म्हणजे आमच्या कुत्र्याच्या, मागच्या पायाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "उडी नाही, धावणं नाही, एक्साइटमेंट तर अजिबात नाही. पाय पुन्हा गेला तर नीट होईल याची खात्री नाही." मी घरी पिंजरा आणला आणि गॅलरीत सगळ्यांना हे समजावून सांगितलं. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. आणि सगळे त्याला बघायला आले!

*

पहिले आले शेजारचे परबकाका. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून चक्क शहाळं घेऊन! त्यांना बघताच भुऱ्या पिंजऱ्यात नाचायला लागला.

"बघ, कसो खूश झालो!"

"काका, त्याला खूश व्हायलाच मनाई आहे."

काकांनी शहाळं आईच्या हातात दिलं. मग तिला म्हणाले, "हिच्या लग्नाचा काय ता बघ गो."

*

मग मालवणहून आत्या आली. तिचं निदान तयार होतं: दृष्ट! मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि थेट तापल्या तव्यावर टाकल्या. अख्खा मजला खोकायला लागला. भुऱ्या शिंकत गरागरा फिरतोय, मी पिंजऱ्यात अर्धी शिरून त्याचा पाय धरून बसलेय!

"आत्या, ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच ना? तूच सांगतेस!"

आत्या डोळे पुसत म्हणाली, "नव्हती कशी? आत्ताच गेली!"

*

डॉक्टरांनी भुऱ्याला शांत ठेवायला गोळी दिली होती. पप्पांना ते पटेना. "मुक्या जनावराला गुंगी? आमच्या वेळी कुत्री हळदीवर बरी व्हायची!"

त्याच दुपारी मॅचमध्ये विकेट पडली. पप्पा किंचाळत सोफ्यावरून उडाले, त्यांच्यामागे भुऱ्या पिंजऱ्यासकट उडाला.

मी डॉक्टरांना फोन लावला. "ती गोळी साठीच्या माणसाला चालेल का?"

*

आणि टाके निघायच्या आदल्या दिवशी परबकाकांना दया आली. मी चहा ठेवायला आत गेले तर यांनी पिंजऱ्याची कडी काढली! "एवढो बांधून घालू नये गो, पाप लागता."

चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. गॅलरीच्या कठड्यावरून मांजर चाललेलं. भुऱ्याने अंग आकसलं, झेप घ्यायच्या पवित्र्यात! त्याला धरायला पप्पा, आत्या आणि काका तीन बाजूंनी आरडाओरडा करत धावले. म्हणजे होती नव्हती ती शांतताही संपली!

मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "खाली बस!!"

भुऱ्या बसला.

पप्पा सोफ्यावर बसले. आत्या कॉटवर बसली. काकांना जवळ बसायला काहीच नव्हतं, ते उंबऱ्यातच फतकल मारून बसले.

मांजर आरामात निघून गेलं. मी भुऱ्याला अलगद पिंजऱ्यात घेतलं, कडी लावली, पाय तपासला. टाके जागच्या जागी होते.

बऱ्याच वेळाने उंबऱ्यातून हळूच आवाज आला, "बाय, आता उठू काय?"