दार उघडायचं नाही!

लहान मुलांना काही शिकवायला बसा, किस्से आपोआप जमतात; लिहून ठेवावे लागत नाहीत! आम्ही चेन्नईत पेरुंगुडीला राहायचो तेव्हाचे हे. अपार्टमेंटमधले आईबाप नोकरीवाले, पोरं शाळेतून येऊन दोन-तीन तास घरी एकटी. म्हणून मी आणि शेजारच्या सुधाअक्कांनी शनिवारी गच्चीवर वर्ग सुरू केला. अक्का तंजावरकडच्या निवृत्त शिक्षिका. मराठीही तमिळ हेल काढून बोलायच्या.

पहिला धडा: आपण एकटे आहोत हे बाहेर कळू द्यायचं नाही. "आई आंघोळ करतेय," म्हणायचं. सात वर्षांच्या कार्तिकने ते पाठच केलं. कुरिअरवाला दोनला आला, चारला आला, पाचला आला. शेवटी काळजीने वॉचमनला म्हणाला, "त्या अम्मांना सर्दी होईल हो!"

मग पासवर्ड आला: घरात ठरलेला शब्द सांगितल्याशिवाय कुणालाही दार उघडायचं नाही. माझा नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या फॅक्टरीतून दमून आला, किल्ली आणि पासवर्ड दोन्ही विसरलेला. आतून आमची आठ वर्षांची मुक्ता, "पासवर्ड?"

"अगं, मी बाबा!"

"आवाज बाबांचाच आहे. पासवर्ड?"

मी येईपर्यंत पाऊण तास साहेब जिन्यावर! वाटलं, भडकलेला असणार. तर म्हणतो, "आता मी ऑफिसात निवांत बसेन."

एकदा अक्कांनी विचारलं, "नको असताना कुणी अंगाला हात लावला तर?"

"ओरडायचं!"

"कसं?"

पोरं अशी किंचाळली की समोरची बिल्डिंग बाल्कनीत आली! अक्का खूश, "अय्यो, सगळे पास!"

वैदेही मात्र ओरडली नाही. नऊ वर्षांची, कायम गप्प. हिच्या डोक्यात काही शिरतंय की नाही, आम्हाला शंकाच होती.

एका रविवारी तिची आई आणि मी टी. नगरहून खरेदी करून आलो, तर दाराबाहेर तिच्या बाबांचे जुने मित्र ताटकळत उभे. नेहमी येणारे, चॉकलेट आणणारे.

"वहिनी, मुलगी फार उद्धट झालीय. मला ओळखते, तरी दार उघडलं नाही!"

आई ओशाळली. त्यांना आत बसवून कॉफी दिली. लेकीला म्हणाली, "काकांना सॉरी म्हण."

"नाही म्हणणार." आवाज खणखणीत. "मागच्या वेळी तू खाली गेलीस ना, तेव्हा हे मला मांडीवर ओढत होते. मी नको म्हटलं. तर म्हणाले, आईला सांगायचं नाही, आपलं सीक्रेट."

"अहो वहिनी, लहान मूल, काहीतरीच..."

आईने त्यांच्या हातातला कॉफीचा पेला काढून घेतला. दार सताड उघडलं.

"चपला घाला."