कुठल्या झाडाचा?

डॉ. वसुधा नाबर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते इंग्लंडात, स्लाऊमधल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार चालला होता. बाईंनी शाल मुकाट्यानं पांघरून घेतली, नारळ मात्र कानाशी नेऊन हलवला आणि मंडळाच्या सेक्रेटरींना विचारलं, “कुठल्या झाडाचा?”

“अहो बाई, हाय स्ट्रीटवरच्या शॉपमधला. रिसीट दाखवू का?”

हॉल हसला, बाईही हसल्या. पण त्यांना उत्तर खरंच हवं होतं, हे मला पुढं बर्मिंगहॅमला त्यांच्या हाताखाली पीएचडीला लागल्यावर कळलं.

माड वरून सारखेच दिसतात. त्यांत कोण कोणाच्या जवळचा आणि कोण परका, हे त्यांच्या डीएनएमधल्या बारीक खुणांवरून ठरवता येतं. त्या खुणा हुडकून, पारखून कामाजोग्या करण्यात बाईंनी उमेदीची वर्षं घातली. एकदा छान वाळवलेल्या पानांचं पाकीट आलं, पण झाडाचा ठावठिकाणा लिहिलेला नव्हता. चालवून घेऊ, असं मी सुचवलं. “अरे, नाव-गाव नसलेलं पान म्हणजे पालापाचोळा,” म्हणत बाईंनी ते कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. मी आठवडाभर फुरंगटून होतो.

माझं शेवटचं वर्ष चालू असताना गुहागरला आई परसात घसरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. वडील मी लहान असतानाच गेलेले. घरी ती एकटीच. इकडं ग्रँट संपत आली होती, व्हिसाही. जाणं शक्य नाही, असं मनाशी ठरवून मी गप्प राहिलो. बाईंना कुठून कळलं, देव जाणे.

“तुमच्या घरामागच्या माडाचं सँपल आपल्याकडे नाही,” त्या म्हणाल्या.

“बाई, गुहागरची सँपल्स कधीच झाली.”

“घरामागचं नाही झालं. मी तिकीट बुक केलंय. नीट कलेक्ट करायला महिना लागेल.”

एका झाडाचं पान काढायला पाव तास पुरतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी महिनाभर आईजवळ राहिलो. तिकडं माझे अडलेले प्रयोग बाई स्वतः उभ्या राहून करत होत्या.

मला वाटलं, ते पान निमित्तापुरतं. पण बाईंनी त्याचीही रीतसर तपासणी केली आणि माझ्यासमोरच स्पीकरवर आईला फोन लावला. “तुमच्या माडाचा रिझल्ट आला. वेगळं काही नाही हो, शेजारच्या माडांच्याच गोतावळ्यातला आहे.”

वडील गेले त्या वर्षी आईनं तो माड लावला होता. ती म्हणाली, “बरं झालं. म्हणजे एकटा नाही तो.”

बाई फोन ठेवून खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. माझा प्रबंध वेळेत पुरा झाला तो त्यांच्यामुळे; पण त्याहून मोठं देणं त्या महिन्याचं आहे, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

आता बाईंना साठावं वर्ष लागतंय. त्यांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे कुरकुरू नयेत आणि आमच्यासारख्यांना रागवायची ताकद शाबूत राहो. त्यानिमित्तच्या समारंभात शालीबरोबर जे श्रीफळ त्यांच्या हाती पडेल, ते त्यांनी खुशाल कानाशी हलवावं आणि नेहमीचा प्रश्न विचारावा. उत्तर द्यायला आई नारळ घेऊन, काठी टेकत गुहागरहून आली आहे. ती पहिल्या रांगेत बसलेली असेल.